उत्तर: स्टीलची बाटली आणि १८ वरचा एसी

वर कुणीतरी म्हटलंय, शहरातली पोरं पर्यावरणाच्या नावाने स्टीलची बाटली मिरवतात आणि घरी एसी १८ वर लावतात. पुण्यात असेलही तसं. पण मे महिन्यात भुसावळात पारा ४५ च्या वर गेला की एसीला चैन म्हणणाऱ्याने स्लॅबखालच्या खोलीत एक दुपार काढून दाखवावी. जळगावातली आमची पोरं २६ वर एसी, सोबत पंखा आणि गच्चीवर चुन्याचा हात, एवढं करतात. त्यात पर्यावरण कमी, लाइटबिलाची धास्ती जास्त. असू दे की!

खरी गोम पाण्याची आहे. आमच्या केळीच्या पट्ट्यात ठिबक सिंचन कधीच रुळलं, तरी रावेर-यावलकडे बोअर खोलच चाललेत. उलट धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाडा गावाने जंगल राखून पाणी टिकवलं. हे काम उभं करणाऱ्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. कॉलेजची सहल तिकडे न्या, रील्सही छान होतील.