मदत हवी आहे: चिनी शब्द कुठे तुटतो आणि कुठे नाही?

नमस्कार मंडळी. मँडरिन शिकायला लागून चार महिने झालेत. शब्द पाठ करताना मजा येत होती, कारण बरेचसे चक्क आपल्या समासांसारखे निघाले. 'हुओ' म्हणजे आग, 'छ' म्हणजे गाडी. हुओछ म्हणजे आगगाडी! 'दी' जमीन, 'जन' हादरणे, म्हणजे भूकंप. वीज आणि मेंदू मिळून दिएननाओ, म्हणजे संगणक. मोठा-लहान असे विरुद्ध शब्द जोडले की 'दाश्याओ' म्हणजे आकार. (पूर्व-पश्चिम जोडून 'वस्तू' कशी होते, हे मात्र मला अजून पचलेलं नाही.)

गाडी अडली ती क्रियापदांवर. 'बांगमांग' आणि 'बांगजू' दोन्हींचा अर्थ मदत करणे. पण 'मला मदत कर' म्हणताना बांगजूच्या पुढे सरळ 'वो', म्हणजे मी, लावता येतं. 'बांगमांग वो' म्हटलं की शिक्षिका लगेच थांबवतात. तिथे शब्द फोडून 'बांग वो द मांग' म्हणायचं, जवळजवळ आपल्या 'माझी मदत कर'सारखं. 'जिएहुन'चंही तेच: दोनदा लग्न केलं तर 'दोनदा' शब्दाच्या मधोमध घुसतं.

क्रियापद अधिक त्याचं कर्म अशी घडण असेल तर शब्द फुटतो, इतपत कळलं. पण प्रत्येक अक्षराचा सुटा अर्थ माहीत नसताना हे ओळखायचं कसं? शब्दकोशात काही खूण असते का? की तुम्हीही सरळ पाठच केलेत? चिनी शिकलेल्यांनी किंवा तिकडे राहिलेल्यांनी कृपया सांगा.