टू-फॅक्टर लावूनही शिरकाव होतो

'पासवर्ड तगडा ठेवा, टू-फॅक्टर (पासवर्डनंतरची दुसरी तपासणी, जसं फोनवरचा कोड) लावा, मग वर्डप्रेसवर बनवलेल्या साइटला कोणी हात लावत नाही' असं सांगतात, ते मला अर्धंच पटतं. लॉगिनला वळसा घालून आत शिरणं, म्हणजे बायपास, हे पासवर्ड फोडणं नव्हे; तिथे तो विचारलाच जात नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये रिअली सिंपल सिक्युरिटी या वर्डप्रेसच्या प्लगइनमध्ये (साइटला वरून जोडायच्या कोडमध्ये) नेमकं हेच झालं, आणि टू-फॅक्टर चालू असेल तरच! आवृत्ती 9.0.0 ते 9.1.1.1. त्याच्या रेस्ट एपीआयमधलं (बाहेरून येणाऱ्या विनंत्या घेणाऱ्या भागातलं) फंक्शन लॉगिनचं टोकन (ओळख पटवणारा कोड) तपासायचं, चुकीचं असेल तर एररही परत करायचं. पण ज्याने ते बोलावलं त्या कोडने ती एरर पाहिलीच नाही, सरळ पुढे जाऊन दिलेल्या यूझर आयडीला लॉगिन करून टाकलं. आयडी 1 बहुतेक ठिकाणी अ‍ॅडमिनचाच असतो. संपलं. आता काय बोलता बाप्पा!

9.1.2 मध्ये दुरुस्ती आली आणि वर्डप्रेसने ती बहुतेक साइट्सवर आपणहून ढकलली. पण पेड आवृत्तीचं लायसन्स संपलेलं असेल तर ती पोचेलच असं नाही. इथे नागपुरात बर्डीवरच्या एका कोचिंग क्लासची साइट मी सांभाळायला घेतली तेव्हा हेच निघालं: लायसन्स मुदतबाह्य, आवृत्ती जुनी, आणि डॅशबोर्डवर टू-फॅक्टरची हिरवी खूण. अशा साइटवर नुसतं अपडेट करून थांबू नका. यूझर्सच्या यादीत अनोळखी अ‍ॅडमिन आहे का ते बघा, आणि कॉन्फिग फाइलमधल्या सॉल्ट की (लॉगिन कुकीज ज्यांच्या आधारे बनतात त्या गुप्त ओळी) बदला. त्याने जुन्या सगळ्या लॉगिन कुकीज बाद होतात, आत बसलेलाही बाहेर पडतो.