भाचीसाठी देवाधर्माची फँटसी कादंबरी सुचवा (सिनेमा पण हवा), बजेट ५००

आबोली
भाची ११ वर्षांची, वेंगुर्ल्याला असते, सेमी इंग्लिशला. मागच्या जत्रेला धयकालो (दशावतारी नाटक) बघितला तेव्हापासून डोकं खातेय की विष्णूने संकासुराला मारलं तर तो पुढच्या गावात परत नाचायला कसा येतो. चतुर्थीला जाताना तिला एक पुस्तक न्यायचंय. जादूबिदू हवीच पण देव, पाप, मेल्यावर काय असलं काहीतरी आत हवं, आणि त्यावर सिनेमा असेल तर सुट्टीत दोघी मिळून बघू. ५०० च्या आत. फार भीतीदायक नको.

सड्यावरचा
डोळे मिटून सी. एस. लुईसच्या नार्नियाचा सात पुस्तकांचा सेट घ्या. मी हजाराच्या वर मोजले, एक रुपया वाया गेला नाही. अस्लान नावाचा सिंह आहे, तो एका फितूर पोराच्या बदल्यात स्वतः दगडी चौथऱ्यावर मरतो आणि पहाटे परत उठतो, म्हणजे येशूच. तुमच्या संकासुराचं उत्तर त्यात आहे.

आबोली
दादा, ५०० म्हटलंय 🙏

तिरफळ
नार्नियाच. पण हल्लीच्या सेटमध्ये १ नंबर छापलेलं 'मॅजिशियन्स नेफ्यू' आधी देऊ नका, ते १९५५ चं, मागची कथा सांगणारं. पहिलं लिहिलेलं कपाटवालं, 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब', १९५० चं, त्यावर हल्ली २ नंबर असतो. माझ्या लेकाने १ पासून सुरू केलं, कपाट कुठून आलं ते आधीच कळलं आणि मग ती पोरगी कपाटातल्या कोटांच्या मागे बर्फात पाय टाकते तिथे हा आपला जांभया देतोय.

चाकरमानी_डोंबिवली
परदेशी कशाला? तुंबाड सिनेमा बघा की. हस्तर नावाचा लोभी देव, देवी, लोभ, सगळं आपलं कोकणातलं.

खाजं_लाडू
अहो ११ वर्षांची पोर आहे, त्याला ए सर्टिफिकेट आहे!! माझा भाऊ चाळिशीचा, तो आठवडाभर रात्री मागीलदारी एकटा जाईना.

रातांबा
तुंबाडचे खोत मी वाचलंय, दोन खंड. त्यात हस्तर कुठे आला?

खाजं_लाडू
ती पेंडशांची कादंबरी वेगळी हो काका. आणि आबोली, काय मागवायचं ते मागव पण पावसात जपून. आमच्या कुरियरवाल्याने पार्सल पडवीच्या कडेला बरोब्बर पागोळ्यांखाली ठेवलं, पुस्तक फुगून घावनासारखं जाळीदार झालं, पानं सुटी करायला इस्त्री फिरवली तर शाई उशीच्या अभ्र्यावर.

रातांबा
पुस्तक तांदळाच्या पिंपात ठेवायचं, दमट होत नाही.

खाजं_लाडू
आणि तांदळातले टोके पुस्तकात!

दर्याकिनारी
विषयावर या जरा. सिनेमाचं म्हणाल तर नार्नियाचा २००५ चा बरा आहे, दगडी चौथरा वगैरे सगळं ठेवलंय. २०१० च्या तिसऱ्यात तर सिंह पोरांना सांगतो की तुमच्या जगात मला दुसरं नाव आहे, तेही कापलेलं नाही. याच्या उलट फिलिप पुलमनचं 'नॉर्दर्न लाइट्स', तीन भागांतलं पहिलं. पुस्तकात मॅजिस्टेरियम म्हणजे सरळ चर्च, पोरांचे आत्मे कापणारं. त्यावरच्या २००७ च्या 'गोल्डन कंपास' सिनेमात चर्चचं नाव काढून नुसती मोघम सत्ता केली, शेवटची प्रकरणं गाळली, आणि एवढं करून अमेरिकेत कॅथलिक लीग या संघटनेने बहिष्कार घाला म्हणून ओरड केलीच. भक्तही नाराज, वाचकही नाराज, पुढचे भाग निघालेच नाहीत.

तिरफळ
पुलमन नको!! तिसऱ्या भागात ईश्वर म्हणवणारा म्हातारा वाऱ्यावर विरून जातो. चतुर्थीच्या घरात देणार हे?

दर्याकिनारी
आणि नार्नियाच्या सातव्यात दक्षिणेकडच्या काळ्यासावळ्या लोकांचा देव गिधाडाच्या तोंडाचा राक्षस दाखवलाय, ते चालतं? मला तर ते वाचताना रागच आला.

सड्यावरचा
लुईस मोठा माणूस होता. तुम्हाला धर्मच नको असेल तर टोल्किनचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' घ्या.

दर्याकिनारी
टोल्किन पक्का कॅथलिक होता हो! पुस्तकात कुठे देऊळ नाही की पूजा नाही, पण अंगठी नष्ट होते ती तारीख बघा, २५ मार्च, देवदूत मरियेला निरोप सांगतो तो सण. असं मुरलेलं मला जास्त आवडतं. पण ११ व्या वर्षी एवढी जाड पुस्तकं जड जातील.

रातांबा
माका विचारशात तर पोराक परत धयकालो दाखवा. फुकट. आता ट्रिकसीन पण असतत.

सड्यावरचा
सेट घ्या ताई, पुढे धाकट्यांना पण होतो.

आबोली
सगळ्यांचे आभार. काल फोनवर भाचीलाच दोन्ही गोष्टी सांगितल्या. सिंहाचं ऐकून म्हणाली, "म्हणजे संकासुरासारखाच, परत येतो." पण पुलमनमध्ये प्रत्येकाचा आत्मा बाहेर प्राणी होऊन सोबत फिरतो आणि चिलखत घातलेलं अस्वल आहे म्हटल्यावर पुढचं ऐकेचना. आजीचा प्राणी कोण ते ठरवायला लागली, आजी मागून ओरडली "कोंबो नको हां". तर 'नॉर्दर्न लाइट्स' घेतलं, ३९९ ला, दुकानातून हातात. पिशवीत कापूर टाकलाय. तिसऱ्या भागाचं तिसऱ्या भागाच्या वेळी बघू, आणि सिनेमा सोडून त्याच पुस्तकावरची २०१९ ची मालिका लावू, घरी रेंज आली तर.

तिरफळ
आजीला आधी वाचायला द्या मग कळेल.

सड्यावरचा
१०१ उरले ना, त्यात थोडे घालून नार्नियाचं सुटं एक तरी घ्या. २ नंबरचं.