रात्रपाळीवाल्यांची दिवसाची झोप : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचे हे शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत. पाळी दर आठवड्याला बदलते. रात्रपाळी संपवून सकाळी घरी येतात, चहा-नाश्ता करून पडतात आणि अकराच्या आतच जागे होतात. मोठ्या माणसाला किमान 7 तास झोप लागते, यांची जेमतेम चार तास होते. भट्टीजवळचं काम, त्यात डोळ्यांवर झापड, म्हणून जीवाला घोर लागतो. परत मोटरसायकलवरून हायवेने यायचं ते वेगळंच.

खिडकीला जाड चादर लावलीय, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवते. तरी शेजारचा कुकर, भंगारवाल्याची आरोळी, काही ना काही होतंच. सकाळचं ऊन डोळ्यांवर पडलं की शरीर जागं व्हायला लागतं, म्हणून येताना गॉगल घालायला सांगितलंय. चहाचा असर पाच-सहा तास राहतो, पण तो काही सुटत नाही.

गोकुळ शिरगाव, कागलकडे रात्रपाळी करणारे कुणी असतील तर सांगा : आल्या आल्या झोपता की दुपारी जेवून? दोन तुकड्यांत झोप घेतली तर चालते का? पाळी बदलते त्या दिवशी काय करता? शिवाय हे घोरतातही जोरात. त्यासाठी कोल्हापुरात कोणत्या डॉक्टरांना दाखवावं, कान-नाक-घसा की छातीच्या?