मदत हवी आहे: माथेरानच्या जुन्या बंगल्यातल्या हॉटेलात दोघांसाठी दोन रात्री

खिडकीशेजारी

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मंगळवार ते गुरुवार. लग्नाचा दहावा वाढदिवस, मुलं आजीकडे. डोंबिवलीहून निघणार. तरणतलाव, डीजे, बुफे काही नको. कौलारू, लांब व्हरांड्याचा, दहा-बारा खोल्यांचा जुना बंगला हवाय. दोन ठिकाणं नक्की करत आणली आहेत, नावं मुद्दाम देत नाही. अडलंय ते असं:

१. फोनवर नेमकं काय विचारायचं? संकेतस्थळावर एकाच देखण्या खोलीचे वीस फोटो आहेत.
२. गरम पाणी "सकाळी सात ते नऊ" म्हणाले. हे चालवून घ्यावं का?
३. नवऱ्याला न कळता केक आणि फुलं वर कशी न्यायची?
४. सूर्यास्त गर्दीशिवाय कुठून दिसेल?

जांभादगड

बंगला कधीचा ते नंतर विचारा. आधी विचारा, "आमची खोली मूळ बंगल्यात आहे की मागे?" मूळ बंगल्यात राहण्याजोग्या खोल्या चार-सहाच निघतात. बाकीच्या म्हणजे जुने तबेले, नोकरांच्या खोल्या, नाहीतर मागे बांधलेली सिमेंटची चाळ. पाटीवर नाव एकच, भाड्यात फरक थोडा, राहण्यात जमीन-अस्मानाचा. म्हणून खोलीचा क्रमांक घ्या आणि पैसे भरण्याआधी तो लेखी मागवा, व्हॉट्सॲपवर चालेल. "आल्यावर बघू" असं उत्तर आलं तर मागची खोली मिळणार असं समजा.

दुसरा प्रश्न, "खोलीच्या भिंती छतापर्यंत आहेत का?" हा ऐकून समोरचा हसेल, पण विचाराच. एका मोठ्या दालनाच्या मधे पडद्या, म्हणजे पातळ भिंती, उभ्या करून दोन खोल्या केलेल्या असतात आणि वर कौलांखाली मोकळी जागा राहते. शेजारचा खोकला इकडे ऐकू येतो आणि तुमचं बोलणं तिकडे.

तिसरा प्रश्न पलंगाचा. जुन्या खोल्यांत साडेतीन फुटांचे दोन सुटे पलंग जोडून वर एक चादर घालतात. फोटोत डबलबेड दिसतो, रात्री मधली फट उघडते. "गादी एकच आहे की दोन?" असं थेट विचारा. दोनच असतील तर दोन्ही पलंगांचे पाय सुतळीने एकत्र बांधायला सांगा आणि फटीत गोधडीची घट्ट वळकटी घाला. नुसत्या गाद्या सरकवून उपयोग नाही, पॉलिश केलेल्या लाकडी जमिनीवर पलंग पुन्हा लांब जातात.

"तीनशे वर्षांचा वाडा" असं कुठे लिहिलेलं दिसलं तर ते सोडून द्या. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात वर आला, बंगले त्यानंतरचे. रेल्वे तर १९०७ ची.

बंबवाला

फक्त गरम पाण्याबद्दल लिहितो.

"सात ते नऊ" म्हणजे बहुधा सामाईक बंब किंवा बॉयलर. वाईट नाही, उलट भरपूर पाणी मिळतं. पण लांबच्या खोलीपर्यंत नळातलं गार पाणी आधी वाहून जावं लागतं, म्हणून पहिली बादली सोडून द्यायची. उशिरा उठायचा बेत असेल तर दहा वाजता बादलीने पाणी आणून देतील का, ते आत्ताच ठरवा.

खोलीत गीझर असेल तर लिटर विचारा. पंधरा लिटरचा गीझर ६० अंशांपर्यंत तापला आणि नळाचं पाणी २५ अंश धरलं, तर अंघोळीजोगं ४० अंशांचं पाणी साधारण ३५ लिटर होतं, म्हणजे दोन बादल्या. शॉवरखाली दोघांना पुरणार नाही. पुन्हा तापायला २ किलोवॅटच्या गीझरला अठरा-वीस मिनिटं लागतात, तीसुद्धा व्होल्टेज पूर्ण असताना. २३० चं १८० झालं तर तोच गीझर अर्धा तास घेतो. सगळं गाव एकाच वेळी अंघोळीला बसलं की नेमकं हेच होतं. तक्रार करत बसू नका, दोन अंघोळींत पाऊण तासाचं अंतर ठेवा.

मालगाडी

सामान: चाकांची बॅग नको. दस्तुरी नाक्यापुढे, म्हणजे माथेरानच्या वेशीवरच्या वाहनतळापुढे, खासगी गाड्या बंद. शटल गाडीच्या अमन लॉज स्टेशनपर्यंत आणि पुढे माथेरान स्टेशनपासून हॉटेलपर्यंत बहुतेक लाल मातीतून चालायचं. मातीत चाकं रुततात आणि पांढरे बूट कायमचे विटकरी होतात. पाठीवरची एकेक बॅग घ्या. जास्त असेल तर हमाल, दराचा फलक बघून आधी ठरवा.

डोंबिवलीहून कर्जत किंवा खोपोली लोकल, नेरळला उतरा, तिथून शेअर टॅक्सी, वीस-पंचवीस मिनिटांत दस्तुरी. वर नाव नोंदवून प्रवेशकर. शटल चुकली तर चालत पाऊण तास, सपाट रस्ता आहे. नेरळहून थेट मिनी ट्रेनने गेलात तर अडीच तासांच्या वर जातात, पण त्या वाटेवर एकच बोगदा आहे आणि त्याचं नाव वन किस टनेल. दहाव्या वाढदिवसाला तेवढी सवलत घ्यायला हरकत नाही.

केक: क्रीमचा नेऊ नका. घाटातल्या वळणांवर तो डब्याच्या एका बाजूला जाऊन बसतो. मावा केक किंवा प्लम केक न्या, पत्र्याच्या डब्यात, कडेने कागद कोंबून. फुलं कल्याणच्या फुलबाजारातून. थंडीत मोगऱ्याच्या मागे लागू नका, निशिगंध किंवा शेवंती घ्या. देठ ओल्या फडक्यात, वर केळीचं पान, आणि प्लॅस्टिकची पिशवी नको, वर बंदी आहे. नवऱ्याला कळू द्यायचं नसेल तर बॅग तुम्हीच उचला, एवढाच उपाय.

कौलारू

जांभादगड यांना अनुमोदन, पण डिसेंबरला एक जोडतो. पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोल्यांच्या चुन्याच्या भिंती दिवाळीनंतरही ओल धरून असतात. आधीच्या आठवड्यात ती खोली कोणाला दिली होती का, ते विचारा. नसेल तर दुपारभर दारं-खिडक्या उघड्या ठेवायला आणि गादी-उशा उन्हात टाकायला सांगा. उदबत्तीने कुबट वास जात नाही, त्याला उदबत्तीचा वास येऊ लागतो.

व्हरांड्यात मेणबत्त्या लावून जेवण हा बेत असेल तर दोन गोष्टी. स्वयंपाकघर बहुतेक ठिकाणी नऊ-साडेनऊला बंद होतं, वेळ दुपारीच सांगून ठेवा. आणि मेणबत्ती काचेच्या हंडीतच, खाली सुकलेला पाला असतो. माकडं रात्री येत नाहीत, पण चार वाजताचा चहा-भजी त्यांच्याच मालकीची समजा.

सूर्यास्ताला पॉर्क्युपाइन पॉइंट ठरलेला, मंगळवारी गर्दी सोसेल इतकीच असते. समोर प्रबळगड. अगदीच एकांत हवा तर लुईझा पॉइंट, तोही पश्चिमेलाच. सव्वापाचला पोहोचा, सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि परतीची वाट झाडीतून जाते, दिवे तुरळक. मोबाइलचा नको, हातातला टॉर्च न्या.

खिडकीशेजारी

सगळ्यांचे आभार. दोन्हीकडे फोन केले. पहिल्याने खोली क्रमांक द्यायला नकार दिला, बाद. दुसऱ्याकडे मूळ बंगल्यात, कोपऱ्यातली, भिंती छतापर्यंत, गाद्या मात्र दोन. पायांना सुतळी बांधून देतो म्हणाले. रोजचं भाडं ७,२०० सांगितलं, जेवण वेगळं. कर किती धरू?

जांभादगड

खोलीचं रोजचं भाडं ७,५०० पर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर गेलं की १८. कोपऱ्यातल्या खोलीचे म्हणून तीनशेहून जास्त वाढवले तर दर बदलेल, म्हणून ७,२०० हाच आकडा लेखी घ्या. सुतळी मात्र स्वतःची न्या, दोन मीटर पुरे.