ताओ ते चिंग, अध्याय 79: वैर मिटलं तरी अढी राहते, मग करायचं काय?

सांजवात
'ताओ ते चिंग' हा लाओत्सेच्या नावावरचा प्राचीन चिनी ग्रंथ. त्याचा अध्याय 63 सांगतो, वैराची परतफेड सद्गुणाने करा. 79 ची सुरुवातच मात्र अशी की मोठं वैर मिटवलं तरी थोडं उरतंच, मग त्याला भलं कसं म्हणायचं? समजा, आईवडिलांच्या आजारपणाच्या खर्चावरून दोन भावंडांत बिनसलंय. यातला कोणता सल्ला धरायचा? की विषयच सोडून द्यायचा?

बोरूबहाद्दर
79 पुढे वाचा. त्या काळी उसनवारीचा करार पट्टीवर लिहून ती चिरत, दोघांकडे एकेक अर्धा. ज्ञानी माणूस डावा अर्धा, म्हणजे ज्याचं येणं आहे त्याचा, जवळ ठेवतो, पण वसुलीचा तगादा लावत नाही, असं लाओत्से म्हणतो. हिशेब फाडून टाका असं कुठेही नाही.

तेव्हा हॉस्पिटलचं बिल, औषधं, आया, कुणी किती भरलं ते एका कागदावर लिहा, दोघांकडे एकेक प्रत. रजा आणि रात्रीची जागरणंही लिहा. भांडण बहुधा तिथंच असतं, कारण पैशांची पावती मिळते, जागरणाची नाही. ज्याचं येणं निघेल त्याने आकडा एकदाच सांगावा, मग दर दिवाळीला पाहुण्यांसमोर काढू नये. बिघडतं ते 'सोडून दिलं' म्हणणाऱ्यामुळे, तो मनातल्या मनात व्याज लावत बसतो.

खडूस_काका
63 मधलं ते वाक्य सरसकट लावू नका. चिनी विचारवंत कन्फ्यूशियसला नेमकं हेच विचारलं होतं. त्याने उलट विचारलं, मग सद्गुणाची परतफेड कशाने कराल? वैराला सरळपणा, सद्गुणाला सद्गुण. तो ताओवादी नाही, पण घरात हेच झेपतं.

63 चा खरा उपयोग पुढे आहे: अवघड गोष्ट सोपी असतानाच हाताळा. खटकलं की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या, दोघंच असताना, एकच मुद्दा. 'तू नेहमीच' हे शब्द नकोत. आणि अबोला धरणं म्हणजे ताओवाद्यांचं 'काही न करणं' (वू वेई) असं कुणी समजू नये. अबोला टिकवायला भलतीच मेहनत लागते.

सांजवात
समोरचा बोलायलाच तयार नसेल तर?

बोरूबहाद्दर
च्वांगत्से या दुसऱ्या ताओवादी ग्रंथाचा अध्याय 20 बघा. रिकामी होडी आदळली तर तापट माणूसही चिडत नाही. आत कुणी दिसलं की हाका मारतो, तिसऱ्या हाकेला शिव्या. लोक समोरच्याला रिकामा समजायला सांगतात, पण मूळ सल्ला आपण रिकामं व्हावं असा आहे. निरोपातलं टोमण्याचं वाक्य खोडा, कामाचं ठेवा: "बाबांची तपासणी मंगळवारी 11 ला. तू नेशील का?" उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग स्वतः सोय बघा. तिसरी हाक नको.

खडूस_काका
धमक्या, मारहाण किंवा जबरदस्तीने सह्या घेणं चालू असेल तर मात्र होडीबिडी बाजूला ठेवा आणि वकील गाठा. च्वांगत्सेच्याच अध्याय 4 मधला वाघ सांभाळणारा वाघाला जिवंत जनावर देत नाही, कारण ते मारताना वाघ खवळतो. तसं खवळलेल्यासमोर आपण आयते जाऊ नये.