मदत हवी आहे: मोगरा पानांनी भरलाय, पण कळी नाही

नमस्कार मंडळी. पुण्यात गच्चीवर कुंड्यांची बाग आहे. चैत्रपालवी फुटली की सकाळचा चहा तिथेच होतो. गवती चहाची पात तिथल्या तिथे कापायची, पुदिना चुरडून घ्यायचा; बोटांना वास कितीतरी वेळ राहतो. कढीपत्ताही यंदा मस्त फुटलाय.

अडलंय ते मोगऱ्यापाशी. १२ इंची कुंडी, जुनं झाड, ऊन सकाळी ११ पर्यंतच. माघात छाटणी करून शेणखत घातलं. आता पानं गर्द हिरवी, फांद्या वेलासारख्या लांबलेल्या, कळीचा मात्र पत्ता नाही. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, मग शेंडे पुन्हा खुडावेत का? की नत्र जास्त झालंय, आणि आता हाडांचा चुरा किंवा थोडी राख द्यावी? पश्चिमेच्या कठड्यावर भरपूर ऊन मिळेल, पण एप्रिलमध्ये तिथे कुंडी इतकी तापते की मुळांची काळजी वाटते. कुंडीला बाहेरून गोणपाट गुंडाळून कुणी ठेवलंय का?

पुदिना दुपारी मान टाकतो, त्याला हिरवी जाळी लावणार आहे. ५० टक्के सावलीची पुरेल की ७५ची घेऊ? आईला देवासाठी ओंजळभर मोगरा हवा असतो, म्हणून मोगऱ्याचं आधी सांगा.